बांधावरची खाट

सिहोऱ्याला बस बदलताना कंडक्टरनं विनताच्या खांद्यावरचं लांबलचक गाठोडं पाहिलं आणि विचारलं, "ये क्या है दीदी, तंबू?" विनतानं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. सकाळपासून असं विचारणारा हा तिसरा माणूस होता. गाठोडं म्हणजे स्टुडिओतला मागचा पडदा होता. आठ फूट बाय दहा फूट, जाड कापडाचा, वर धुवांधारचा धबधबा रंगवलेला. ती निघताना नवऱ्यानं, श्रीपादनं, तो जबरदस्तीनं तिच्या गळ्यात मारला होता.

"गावात चालली आहेस तर घेऊन जा," तो म्हणाला होता. "एका कामाला गेलं की दहा पासपोर्ट फोटोवाले गोळा होतात."

"मला वावरात फोटो काढायचा आहे, श्रीपाद. वावरात पडदा कोण लावते?"

"घेऊन तर जा. काहून वाद घालून राहिली?"

पंचवीस वर्षं जबलपुरातल्या अधारतालच्या मुख्य रस्त्यावरचा तो स्टुडिओ श्रीपादनं चालवला. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरायला लागले. एका लग्नाच्या अख्ख्या अल्बमात नवरदेवाला दोन दोन नाकं निघाली, तेव्हा तोवर आत बसून फोटो कापणाऱ्या विनतानं कॅमेरा उचलला. श्रीपादचे हात गेले, पण जीभ जागच्या जागी राहिली. आता तो दुकानात बसून फोनवरून तिला सूचना देत फोटो काढायचा. आणि विनता जिथं जाईल तिथं लोक तिच्या पाठीमागं डोकावून विचारायचे, फोटोग्राफर कुठाय? पन्नाशीची बाई कॅमेरा गळ्यात अडकवून उभी आहे ती काय हौसेनं, असं कुणाच्या डोक्यातही यायचं नाही.

आजचं काम मागच्या गल्लीतल्या कुंदामावशींनी आणलं होतं. त्यांची भाची राजश्री नागपूरकडची, मझौलीच्या पुढं पाच किलोमीटरवर पागेटोल्यात दिलेली. तीन वर्षांपूर्वी नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. त्याच्या मागं नाल्याकाठचं तीन एकर वावर तोंडी तिच्या वाट्याला आलं आणि ते ती कसत होती. आता नाल्याच्या पलीकडून पक्का रस्ता निघाला. तेव्हा तिच्या जेठाला, म्हणजे थोरल्या दिराला, नरहर पाग्यांना, एकाएकी आठवलं की ते वावर तर आपणच कसतो. बहू असते नागपूरला भावाकडं. तसं त्यांनी तहसिलीत लिहून दिलं. गुरुवारी तारीख होती. वावरात आपणच राबतो याचा पुरावा राजश्रीनं आणायचा होता.

आज मंगळवार. आज तिचा मटार निघणार होता. उद्या सकाळी वेल उपटून गव्हासाठी जमीन तयार होणार, आणि घरात ट्रॅक्टर एकच, तोही नरहरांचा. एकदा तो शिरला की वावर कुणाचं दिसणार हे सांगायला नको. म्हणजे फोटो आजच हवा होता. मझौलीतला फोटोग्राफर पाग्यांच्या उठण्याबसण्यातला, म्हणून जबलपूरहून विनता.

"सोपं काम आहे गं," कुंदामावशी म्हणाल्या होत्या. "एक बाई, एक वावर."

पागेटोल्याला विनता पोचली तेव्हा अकरा वाजले होते. धुकं नुकतंच उठलं होतं आणि मटाराच्या वेलांवर अजून पाणी होतं. वावरात बारा-तेरा बाया दोन ओळींत उकिडव्या सरकत होत्या. लुगड्यांचे काठ गुडघ्यापर्यंत भिजलेले, बोटं हिरवी पडून मग काळी झालेली. शेंगा टोपल्यांत पडायच्या तेव्हा बारीक आवाज व्हायचा आणि टोपली भरली की एकीनं उठून ती पोत्यात ओतायची. सगळ्यांत पुढं एक उंच बाई होती. तिचा हात इतर बायांच्या दुप्पट वेगानं चालत होता. तिचा पदर डोक्यावरून थेट छातीपर्यंत खाली होता, आणि त्याच्या आतून ती कुणाला तरी ओरडत होती की कच्च्या शेंगा तोडू नका.

हीच राजश्री, हे विनताला कळलं. तेवढ्यात बांधावरून आवाज आला.

"या, या! चहा घ्या आधी."

बांधावर बाभळीशेजारी उन्हात खाट टाकलेली होती. तिच्यावर साठीचे एक गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. पांढरी बंडी, खांद्यावर गमछा, शेजारी थर्मास. हे नरहर पागे. त्यांनी विनताला पाहिलं, मग तिच्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"फोटोग्राफर मागून येऊन राहिलेत काय?"

"मीच आहे."

"अच्छा." त्यांनी आणखी एकदा रस्त्याकडं पाहून खात्री करून घेतली. "चलो, ठीक आहे. चांदोरकर ना तुम्ही? मिलोनीगंजातले की गढ्यातले?"

"अधारतालचे."

"ते आत्ता झाले. मूळचे?"

पाच मिनिटांत त्यांनी शोधून काढलं की श्रीपादची एक चुलत आत्या पाग्यांच्याच भावकीत दिलेली होती. "पाहा, आपलीच माणसं निघाली," ते म्हणाले आणि थर्मासमधून स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. विनताला भांडण अपेक्षित होतं. दम, शिवीगाळ, गेला बाजार कॅमेऱ्यावर हात. त्याची तिनं बसमध्ये तयारीही केली होती. चहाची केली नव्हती.

चहा पिऊन ती वावरात उतरली. राजश्री उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिनं पाठ सरळ केली.

"आल्या दीदी? लवकर घ्या. चार वाजता व्यापाऱ्याची गाडी येते. तोवर हे सगळं साफ होऊन राहील."

"हो. पदर घे वर."

राजश्री जागची हलली नाही. पदराच्या आतून तिनं बांधाच्या दिशेनं मान केली. "दादा बसले आहेत."

"बसू दे की."

"त्यांच्यासमोर कसा घेऊ?"

तेव्हा कुठं विनताच्या ध्यानात आलं की माणसानं सकाळपासून वावराच्या बांधावर खाट का टाकली आहे.

पाग्यांचे पूर्वज भोसल्यांच्या पागेबरोबर इकडं आले आणि इकडचेच झाले. घोडे गेले, मराठी अर्धीमुर्धी गेली, पण शेजाऱ्यांचा घुंघट तेवढा घरात शिरला आणि असा बसला की शेजाऱ्यांच्या सुनांनी सोडून दिला तरी पाग्यांच्या सुना तो धरून होत्या. जेठाला चेहरा दाखवायचा नाही. जेठाशी बोलायचं नाही. बोलणं अगदीच अडलं तर तिसऱ्या माणसामार्फत. नरहरांना काही करावंच लागत नव्हतं. हातपाय न हलवता, कुणाला उणं न बोलता ते नुसते बसले होते, आणि ते बसलेले असेपर्यंत त्या वावरात पदराआड कुणीही बाई असू शकत होती.

"दादांना सांगा," राजश्री म्हणाली, "घडीभर विहिरीकडं जाऊन या म्हणावं."

खाट तिथून दहा पावलांवर होती. विनतानं नरहरांकडं पाहिलं. "ऐकलंत ना?"

नरहर आभाळाकडं बघत होते. "काय म्हणते ती?"

"तुम्हाला ऐकू आलं की, भाऊ!"

"तुम्ही सांगा ना. काय म्हणते?"

विनतानं सांगितलं. नरहर समजूतदारपणे मान डोलवत राहिले. "तिला म्हणावं, काढ ना फोटो. हजार काढ. मी कुठं अडवून राहिलो? आपला बसलो आहे उन्हाला. गुडघे दुखतात माझे, कुठं विहिरीकडं जाऊ?"

विनता राजश्रीकडं वळली. "ऐकलंस?"

राजश्री निरोपाची वाट बघत उभी राहिली. विनतानं दात ओठ खाऊन सगळं पुन्हा सांगितलं, गुडघ्यांसकट. मग राजश्रीनं उलट निरोप दिला, तो विनतानं दहा पावलं अलीकडून पलीकडं नेला, पलीकडून अलीकडं आणला. बाया तोडणी थांबवून बघायला लागल्या. चौथ्या निरोपाला विनताचा आवाज चढला.

"मी इथं फोटो काढायला आली का टपाल वाटायला?"

राजश्रीला ओढतच तिनं वावराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथं विहीर होती, विजेचा खांब होता, वावराची खूण पटायला ही जागा उत्तम होती. नरहरांनी तोवर खाटेची दिशा बदलून घेतली आणि ते तिकडून बघत बसले. माणसाची नजर साठीतही घारीसारखी होती.

"हे बघ," विनता म्हणाली, "इतक्या लांबून त्यांना काय दिसणार? एक मिनिट. पदर वर, डोळे कॅमेऱ्यात, संपलं."

राजश्रीनं हात पदराच्या काठाला नेला. काठ चिमटीत धरला. बोटांच्या पेरांवर शेंगांनी चिरा पडलेल्या होत्या, त्यांत माती भरली होती. हात तिथंच थांबला.

"अगं, घे ना वर!"

"होत नाही, दीदी. हातच वर येत नाही."

"काहून येत नाही? तुझं वावर चाललं आहे हातचं, अन् तू पदर धरून बसली! आपल्या लोकांत होतं का हे कधी? नागपूरला तोंड झाकून फिरत होतीस?"

"नाही ना. कॉलेजात सायकलनं जायची." राजश्रीचा आवाज आतल्या आत दबला. "तेरा वर्षं झाली. यांचं प्रेत अंगणात ठेवलं होतं तेव्हाही दादा समोर होते, तर मी झाकूनच बसली. माझ्या लेकीच्या, अनुष्काच्या बापाचं तोंड शेवटचं पदरातूनच पाहिलं. आता फोटोसाठी कसा हात उचलू?"

विनताला वाईटही वाटलं आणि राग तर असा आला की ट्रायपॉड विहिरीत टाकून द्यावा. राग राजश्रीचा होता, नरहरांचा होता आणि त्याच वेळी फोन करणाऱ्या श्रीपादचाही होता.

"ऊन डोक्यावर आलं असेल," तो म्हणाला. "चेहऱ्यावर सावली पडते. फ्लॅश मारत जा."

"चेहरा दिसला की मारते," म्हणून तिनं फोन बंद केला.

कुंदामावशींच्या ओळखीतल्या एका वकिलानं सांगितलं होतं म्हणून तिनं आजचं वर्तमानपत्र आणलं होतं. तारीख दिसावी यासाठी ते हातात धरून फोटो हवा होता. तिनं पदराखालच्या बाईच्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि दोन फोटो काढून पाहिले. मटाराच्या वावरात एक झाकलेलं काहीतरी पेपर वाचत उभं होतं. तिनं ते पुसून टाकले.

दुपार झाली. बायांनी बांधाच्या कडेला भाकरी सोडल्या. नरहरांचा डबा घरून खाटेवरच आला. त्यांनी विनतालाही आग्रहानं वाढलं, हिरव्या मटाराची भाजी आणि गरम पुऱ्या. तीही जेवली, कारण सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि जेवताना तिला आपलाच संताप आला. तिची एकच आशा उरली होती. माणूस साठीचा, सकाळपासून थर्मासभर चहा पोटात. कधी ना कधी नाल्याकडं जाईलच. दोन तास तिनं डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. नरहर एकदा उठले तेव्हा तिनं कॅमेरा सरसावला. त्यांनी उशी उलटी केली आणि पुन्हा बसले.

तीन वाजता वावर जवळजवळ मोकळं झालं. दोन ओळी तेवढ्या उरल्या होत्या. पोती बांधावर रचली जात होती. राजश्री तोडत होती, आता हळू, पण किती हळू तोडणार? पाच-सहा हातांवर वावराचं टोक दिसत होतं. विनता आपल्या सामानापाशी मटकन खाली बसली, ती नेमकी त्या गाठोड्यावर.

ती क्षणभर तशीच बसून राहिली. मग उठली, गाठोड्याची दोरी सोडली आणि हाक मारली, "गेंदाबाई! इधर आओ. अपनी बहू को भी बुलाओ."

गेंदाबाई मजूर बायांतली सगळ्यांत थोराड. तिनं आणि तिच्या सुनेनं पडद्याची दोन टोकं धरली आणि हात उंच केले. धुवांधारचा धबधबा मटारात उभा राहिला. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला राजश्री, तिच्या मागं विहीर आणि विजेचा खांब.

"आता घे," विनता म्हणाली.

राजश्रीनं काठ चिमटीत धरला. तेवढ्यात पडद्यापलीकडून खाट करकरली. नरहर उठले होते. गुडघे धरत, कुणावर रागावल्याचं न दाखवता, ते बांधावरून डावीकडं चालत आले, सहज पोती मोजायला आल्यासारखे. विनता ओरडली, "बाएँ!" गेंदाबाई आणि सून डावीकडं सरकल्या. नरहर थांबले आणि उजवीकडं निघाले. "दाएँ, दाएँ!" धबधबा उजवीकडं धावला. सुनेचा पाय वेलीत अडकला, ती पडता पडता सावरली. पुन्हा डावीकडं. राजश्री पदर धरून पडद्याच्या सावलीबरोबर सरकत होती, विनता कॅमेरा धरून तिच्याबरोबर सरकत होती, आणि तोडणीच्या सगळ्या बाया उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्यातली एक हसली. मग दुसरी. मग पोत्यावर बसलेल्या म्हातारीला ठसका लागला आणि सगळं वावर हसायला लागलं.

नरहर जागीच थांबले. त्यांनी गमछ्यानं मान पुसली. इतक्या बाया आपल्याला हसल्याचं पाग्यांच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. ते वळले, खाटेवर जाऊन बसले आणि त्यांनी पाठ वावराकडं केली.

राजश्रीनं पदर वर घेतला.

विनतानं खूप चेहरे पाहिले होते, पण असा नाही. हात कोपरापर्यंत उन्हानं काळवंडलेले होते, आणि वर मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा गोरा, मऊ, घरात ठेवलेल्या माणसाचा चेहरा. पस्तिशीचा. आणि तो सगळा आवळलेला होता.

"डोळे उघड."

"उघडत नाहीत, दीदी. ऊन फार लागते."

"आता ऊन लागते! वेळ आहे का आपल्याला?"

विनतानं नऊ फोटो काढले आणि नऊही फोटोंत राजश्री मीठ खाल्ल्यासारखी दिसत होती. तिनं डोळ्यांना पाणी लावून पाहिलं, सावलीत उभी करून पाहिली. शेवटी गेंदाबाईनं पडद्याचं टोक आपल्या दुसऱ्या सुनेकडं दिलं, राजश्रीच्या मागं येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "खोल बिटिया, कछु नईं होत." तेव्हा राजश्रीचे डोळे उघडले. पाण्यानं भरलेले, लाल झालेले, पण उघडे. विनतानं भराभर काढून घेतले. पेपर धरून, शेंगा तोडताना, पोतं शिवताना, खांबाच्या नंबरासकट. बारा चांगले निघाले. रस्त्यावर व्यापाऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला तेव्हा राजश्रीनं पदर पुन्हा खाली ओढला.

निघताना नरहर तिला सोडायला रस्त्यापर्यंत आले.

"झाले ना फोटो? चलो, चांगलं झालं. आपलं माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये." त्यांनी पाच किलो मटाराची पिशवी तिच्या हातात दिली, आणि विनतानं पडदा, ट्रायपॉड, कॅमेरा आणि त्या माणसाचा मटार असं सगळं घेऊन तीन गाड्या बदलत अधारताल गाठलं.

गुरुवारी तिला पुन्हा जावं लागलं. फोटो काढणाऱ्यानं प्रत्येक फोटोमागं सही, शिक्का, तारीख टाकून समोर हजर राहायचं होतं. श्रीपाद म्हणाला मी जातो, मला फोटो नीट समजावता येतील. विनतानं शिक्का पिशवीत टाकला.

कचेरीत लिपिकानं तिच्या मागं डोकावून विचारलं, "फोटोग्राफर कहाँ हैं?"

"खड़ी तो हूँ," ती म्हणाली.

नायब तहसीलदार तरुण होते आणि त्यांना पडसं झालं होतं. टेबलापुढच्या एका खुर्चीवर नरहर पागे होते, धुतलेल्या बंडीत. दुसरी खुर्ची रिकामी होती, कारण जेठाच्या बरोबरीनं बसायचं नाही म्हणून राजश्री भिंतीला लागून उभी होती, छातीपर्यंत पदर घेऊन. विनतानं बारा फोटो टेबलावर मांडले. साहेबांनी एकेक पाहिला.

नरहरांचा वकील पुढं झाला. तो गोड बोलणारा होता. फोटो उत्तम आहेत म्हणाला, विहीर दिसते, खांब दिसतो, तारीख दिसते. फक्त एवढंच सांगा की यातली बाई कोण?

"यही हैं," विनता म्हणाली आणि भिंतीकडं बोट केलं.

"आप इन्हें पहले से जानती थीं?"

"नहीं."

"चेहरा कब देखा?"

"मंगलवार को."

"यानी फोटो खींचते समय. किसी मजदूरन को खड़ा कर दिया हो, तो आपको क्या पता?"

विनताला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि त्याहून जास्त चीड याची आली की माणूस हिशेबानं बरोबर बोलत होता. राजश्रीनं आधार कार्ड पुढं केलं. साहेबांनी ते उजेडात धरलं. लग्नाच्या साली काढलेला, शाई पसरलेला काळपट फोटो. "इसमें तो कोई भी हो सकता है," ते म्हणाले आणि नाक पुसलं. मग नरहरांकडं वळले. "पागे जी, आप घर के बड़े हैं. आप ही बताइए. ये फोटो आपकी बहू का है?"

नरहरांनी छातीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा खरोखरच प्रामाणिक दिसत होता.

"साहब, झूठ नहीं बोलूँगा. तेरह साल में मैंने बहू का मुँह नहीं देखा. हमारे घर का कायदा है."

वकील हसला नाही, पण त्यानं कागद गोळा करायला घेतले. नरहर एवढ्या अभिमानानं बोलले होते की दारातल्या शिपायानंसुद्धा मान हलवली. सगळा मंगळवार, तो धबधबा, ते बारा फोटो, सगळं या एका वाक्यात वाहून गेलं होतं. राजश्रीच्या वावरात काल ट्रॅक्टर फिरून गेला होता, तिथं आता दाखवायला एक वेलही नव्हती.

साहेब मात्र उठले नव्हते. "तो सीधी बात है," ते म्हणाले. "बाईजी घूँघट हटाएँ, मैं मिला लेता हूँ. पागे जी, आप दो मिनट बाहर बैठिए."

नरहरांनी समजूतदारपणे मान डोलवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि ते उठायला लागले.

"नाही," राजश्री म्हणाली.

सगळ्यांनी तिकडं पाहिलं.

"दादा, बसा."

विनताचं तोंड सवयीनं उघडलं. त्या म्हणताहेत बसा, असं सांगायला ती नरहरांकडं वळलीही होती. मग तिच्या लक्षात आलं की सांगायची गरज नाही. नरहर अर्धे उठलेले तसेच अडकले होते. तेरा वर्षांत त्या बाईनं त्यांना उद्देशून काढलेला हा पहिला शब्द होता, आणि तो कुणाच्या तरी हातून न येता थेट आल्यामुळं त्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते बसले.

राजश्री भिंतीपासून पुढं आली. टेबलाच्या कडेला, त्यांच्या अगदी समोर उभी राहिली. तिचा हात वर गेला, आणि या वेळी तो काठापाशी थांबला नाही. पदर मागं खांद्यावर पडला.

नरहरांनी झटकन मान खाली घातली. खाली टेबलावर बारा फोटो पसरलेले होते आणि बाराही फोटोंतून तीच बघत होती. त्यांनी गमछ्याचं टोक शोधलं, ते सापडेना. साहेबांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा राजश्रीकडं.

"मेरा तो हो गया," ते म्हणाले. "फिर भी आप बता दीजिए, पागे जी. यही हैं?"

नरहरांनी खालीच बघत एका फोटोवर बोट ठेवलं.

"फोटोकडं पाहून नका सांगू, दादा," राजश्री म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ज्या बाईचं वावर घेऊन राहिलात तिचं तोंड तरी पाहून घ्या. मी उभी आहे. तुम्हाला वेळ लागला तरी चालेल."

बाहेर कुणाचा तरी पुकारा झाला. विनता हातातला शिक्का तसाच धरून उभी होती, आणि नरहर पागे बराच वेळ त्या फोटोवरचं बोट न उचलता बसून राहिले. मग त्यांनी मान वर केली.